प्रशिक्षकांचे ऑनलाइन ज्ञान-समुदाय : एकमेकांकडून शिकणे आणि शिकलेले तपासणे



कॅम्पस मुलाखतीतून निवड झालेल्या बहुतेक अभियंत्यांचे नोकरीतले पहिले आठवडे प्रशिक्षणात जातात. म्हैसूरमधील इन्फोसिसच्या प्रशिक्षण संकुलासारख्या मोठ्या ठिकाणी असो किंवा एखाद्या कारखान्याच्या दहा खुर्च्यांच्या खोलीत असो, समोर एक प्रशिक्षक उभा असतो. तो तुम्हाला शिकवतो. पण तो स्वतः कोणाकडून शिकतो? हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. या पाठात त्याचेच उत्तर शोधायचे आहे.

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमाव्यात :

१. सराव-समुदाय म्हणजे काय आणि तो साध्या ग्रुपपेक्षा वेगळा कसा, हे सांगणे.
२. अनुभवातले ज्ञान पुस्तकात का मावत नाही, हे उदाहरणाने स्पष्ट करणे.
३. समुदायातून चुकीची माहिती कशी पसरते आणि ती कशी तपासावी, हे समजणे.
४. समुदायात चांगला प्रश्न विचारणे, जबाबदारीने उत्तर देणे आणि त्याचा परिणाम कळवणे.

१. प्रशिक्षकाचे काम आणि त्याचे एकटेपण

कंपनीतील प्रशिक्षण विभागाला हल्ली ‘लर्निंग अँड डेव्हलपमेंट’ किंवा थोडक्यात ‘एल अँड डी’ म्हणतात. या विभागात वर्ग घेणारे प्रशिक्षक असतात, अभ्यासक्रमाची रचना करणारे इन्स्ट्रक्शनल डिझायनर असतात, ऑनलाइन कोर्स बनवणारे असतात आणि प्रशिक्षणाची गरज ठरवून त्याचा हिशोब ठेवणारे व्यवस्थापक असतात. मोठ्या कंपनीत ही सगळी माणसे वेगवेगळी असतात. लहान आणि मध्यम कंपनीत मात्र ही सगळी कामे अनेकदा एकाच माणसाला करावी लागतात.

अशा माणसाची अडचण वेगळीच असते. लेखा विभागातला कर्मचारी शेजारच्या टेबलावर शंका विचारू शकतो. एकट्या प्रशिक्षकाला शेजारी त्याच व्यवसायातला कोणी नसतो. जेवणानंतरच्या सत्रात लोक पेंगतात तेव्हा काय करावे, पंचवीस वर्षे यंत्र चालवणाऱ्या कामगाराला बाविशीतल्या पदवीधराने काय आणि कसे शिकवावे, वरिष्ठ अधिकारी वर्गात बसले की कनिष्ठ बोलायचे थांबतात त्यावर उपाय काय, अशा प्रश्नांची उत्तरे त्याच वाटेने गेलेल्या दुसऱ्या प्रशिक्षकाकडेच मिळतात.

म्हणून या व्यवसायातील लोक इंटरनेटच्या आधीपासून एकत्र येत आले आहेत. अमेरिकेत १९४० च्या दशकात प्रशिक्षण संचालकांची एक संघटना उभी राहिली. अनेक वर्षे ती ‘एएसटीडी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाई. २०१४ मध्ये तिने ‘असोसिएशन फॉर टॅलेंट डेव्हलपमेंट’ हे नाव घेतले. भारतात ‘इंडियन सोसायटी फॉर ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंट’ ही संस्था १९७० पासून काम करते. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाची जी चार पातळ्यांची पद्धत आज जगभर वापरली जाते, ती डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९-६० मध्ये याच अमेरिकी संघटनेच्या नियतकालिकात लेखमालेच्या रूपात मांडली. त्यांचे त्या विषयावरचे प्रसिद्ध पुस्तक नंतर, १९९४ मध्ये आले. म्हणजे कल्पना आधी व्यावसायिकांच्या समुदायात फिरली, वापरली गेली आणि मग पुस्तकात स्थिरावली. ऑनलाइन समुदाय याच परंपरेचे आजचे रूप आहे.

२. सराव-समुदाय म्हणजे काय?

जीन लेव्ह आणि एतियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये ‘सिच्युएटेड लर्निंग’ हे पुस्तक लिहिले. माणूस काम कसे शिकतो हे समजून घेण्यासाठी त्यांनी उमेदवारीने चालणारे वेगवेगळे व्यवसाय पाहिले. त्यांपैकी एक उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या शिंप्यांचे आहे. तिथे नवा उमेदवार कापड कापण्यापासून सुरुवात करत नाही. तो आधी तयार कपड्यांना इस्त्री करतो, बटणे लावतो, काठ दुमडून शिवतो. मग शिवण शिकतो आणि कापड बेतणे, कापणे सगळ्यांत शेवटी. कपडा बनण्याचा क्रम आणि शिकण्याचा क्रम एकमेकांच्या उलटे आहेत. यामागे शहाणपण आहे. बटण चुकले तर उसवता येते, कापड चुकीचे कापले तर वाया जाते. शिवाय पूर्ण झालेले कपडे रोज हाताळल्यामुळे चांगला कपडा कसा दिसतो हे उमेदवाराच्या नजरेत बसते.

यावरून लेव्ह आणि वेंगर यांनी असे मांडले की शिकणे म्हणजे फक्त डोक्यात माहिती भरणे नाही. काम करणाऱ्या लोकांच्या वर्तुळात कडेने प्रवेश करायचा आणि हळूहळू मध्याकडे जायचे, ही शिकण्याची प्रक्रिया आहे. काम करता करता एकमेकांकडून शिकणाऱ्या अशा वर्तुळाला त्यांनी ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ म्हटले. आपण त्याला सराव-समुदाय म्हणू. वेंगर यांनी पुढे या कल्पनेचा विस्तार केला. त्यांच्या मांडणीनुसार सराव-समुदायाचे तीन घटक असतात :

- क्षेत्र : सगळ्यांना बांधणारा विषय. उदाहरणार्थ, कारखान्यातील सुरक्षा प्रशिक्षण.
- समुदाय : एकमेकांना ओळखणारी, प्रश्न विचारणारी, उत्तर देणारी माणसे.
- सराव : सगळ्यांनी मिळून जमवलेले साहित्य, युक्त्या, अनुभव आणि कामाच्या पद्धती.

या तीन कसोट्या तुमच्या फोनमधल्या एखाद्या ग्रुपला लावून पाहा. ‘एचआर प्रोफेशनल्स’ नावाच्या ग्रुपमध्ये दिवसभर शुभेच्छा आणि नोकरीच्या जाहिराती येत असतील, तर तिथे माणसे आहेत, विषयही नावापुरता आहे, पण सराव नाही. तो सराव-समुदाय नव्हे.

३. झेरॉक्सच्या तंत्रज्ञांची गोष्ट

अशा समुदायात नेमके काय वाटले जाते, हे समजण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. आपण कोणत्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीत ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ काम करत होते. यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ते फिरले. त्यांचे निरीक्षण ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ या १९९६ च्या पुस्तकात आहे.

कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड माहितीपुस्तिका दिल्या होत्या. अमुक खूण दिसली तर तमुक भाग बदला, अशी पायरीपायरीने मांडणी होती. प्रत्यक्षात यंत्रे इतक्या शिस्तीने बिघडत नसत. पुस्तिकेत नसलेला बिघाड समोर आला की तंत्रज्ञ एकमेकांना आधीच्या बिघाडांच्या गोष्टी सांगत आणि त्या गोष्टींतून समोरच्या बिघाडाचे कारण शोधत. एरवीही न्याहारीला किंवा जेवायला एकत्र बसले की त्यांच्या गप्पा यंत्रांच्याच असत. बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटला असता. पण दुरुस्तीचे खरे ज्ञान त्या गप्पांत फिरत होते.

पुढे झेरॉक्सने तंत्रज्ञांच्या अशा युक्त्या गोळा करणारी ‘युरेका’ नावाची संगणक प्रणाली उभी केली. तिच्या रचनेतील दोन गोष्टी आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, तंत्रज्ञाने पाठवलेली युक्ती थेट सगळ्यांपर्यंत जात नसे. त्या यंत्राची चांगली माहिती असलेले दुसरे तंत्रज्ञ ती तपासत, गरज पडली तर सुधारत आणि मगच ती स्वीकारली जाई. दुसरी, युक्तीसोबत ती देणाऱ्याचे नाव दिसे. युक्तीमागे पैसे द्यावेत असाही विचार झाला होता. पण पैसे दिले तर लोक युक्त्यांची संख्या वाढवतील, गुणवत्ता नाही, अशी शंका तंत्रज्ञांकडूनच आली. शेवटी पैशांऐवजी नाव आणि सहकाऱ्यांमधील मान हेच बक्षीस राहिले.

म्हणजे या प्रणालीत नुसते वाटणे नव्हते. वाटणे, तपासणे आणि नावाने जबाबदारी घेणे अशा तीन गोष्टी एकत्र होत्या. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

४. पुस्तकात न मावणारे ज्ञान

तंत्रज्ञांचे ज्ञान पुस्तिकेत का मावले नाही? मायकेल पोलानी यांनी १९६६ च्या ‘द टॅसिट डायमेन्शन’ या पुस्तकात दाखवले की माणसाला जेवढे शब्दांत सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळावा हे येते, पण ते नेमके शब्दांत मांडता येत नाही. अशा ज्ञानाला आपण अव्यक्त ज्ञान म्हणू. नियम, सूत्रे, पुस्तिका, स्लाइड्स यांत लिहिलेले ते व्यक्त ज्ञान.

इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी १९९५ मध्ये मांडले की संस्थेत ज्ञान या दोन रूपांमध्ये फिरत राहते. हे फिरणे चार प्रकारे होते. प्रशिक्षकाच्या कामातली उदाहरणे घेऊन ते असे सांगता येईल :

- अव्यक्तातून अव्यक्त : नवी प्रशिक्षक अनुभवी प्रशिक्षकाच्या वर्गात मागे बसून त्याचे थांबणे, नजर फिरवणे, प्रश्न परतवणे पाहते.
- अव्यक्तातून व्यक्त : अनुभवी प्रशिक्षक ‘मी त्या वेळी असे का केले’ हे समुदायात लिहून काढतो.
- व्यक्तातून व्यक्त : अशा दहा नोंदी एकत्र करून कोणी तरी तपासयादी बनवते.
- व्यक्तातून अव्यक्त : ती यादी वापरून वापरून नवी प्रशिक्षक एक दिवस यादीशिवायच तसे करू लागते.

ऑनलाइन समुदाय दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला फार उपयोगी पडतो. पहिला प्रकार मात्र पडद्यावरून पुरेसा होत नाही आणि चौथा तर तुमच्याशिवाय कोणी करूच शकत नाही. ‘मी पाचशे स्लाइड्स डाउनलोड केल्या’ म्हणणाऱ्याने यांपैकी काहीच केलेले नसते.

५. ऑनलाइन झाल्यावर काय बदलते?

अनेक महाविद्यालयांत वापरली जाणारी ‘मूडल’ प्रणाली तुम्ही पाहिली असेल. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी ती सुरू केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये आली. ती मुक्त स्रोत प्रणाली आहे. तिच्या चर्चामंचांवर शिक्षक, प्रशिक्षक आणि प्रोग्रॅमर एकत्र बोलतात. प्रश्नमंजूषेतील अडचण एका देशातला शिक्षक मांडतो आणि तोडगा दुसऱ्या देशातून येतो.

दुसरे उदाहरण ‘ई-लर्निंग हिरोज’चे आहे. कोर्स बनवण्याचे सॉफ्टवेअर विकणारी ‘आर्टिक्युलेट’ ही कंपनी तो समुदाय चालवते. तिथे साप्ताहिक आव्हानाची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. एक छोटा विषय दिला जातो, सदस्य आपापले नमुने बनवतात आणि सगळ्यांसमोर ठेवतात. नव्या माणसाला इतरांचे पूर्ण झालेले काम पाहायला मिळते आणि छोटे काम करून आत येता येते. लायबेरियातील शिंप्याचे बटण लावणे आणि हे आव्हान यांत फार फरक नाही. मात्र समुदाय चालवणारा कोण आहे हे नेहमी पाहावे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या अंगणात प्रत्येक अडचणीचे उत्तर त्या सॉफ्टवेअरमध्ये शोधले जाणे स्वाभाविक असते.

ऑनलाइन आल्याने तीन फायदे होतात. अंतर संपते, जुने संवाद शोधता येतात आणि गुवाहाटीच्या चहा कंपनीतला प्रशिक्षक कोइंबतूरच्या पंप कारखान्यातल्या प्रशिक्षकाला भेटू शकतो. तोटेही तीन आहेत. सांगणारा नेमक्या कोणत्या परिस्थितीत बोलतो आहे हे दिसत नाही, आत्मविश्वासाने लिहिलेले ते खरे वाटू लागते आणि चूकही तितक्याच वेगाने पसरते. यातला तिसरा तोटा सर्वांत गंभीर आहे.

६. शंकूची गोष्ट : समुदाय चूकही जपतो

इथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी एक स्लाइड दाखवत असे. माणूस वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के आणि स्वतः केलेले ९० टक्के लक्षात ठेवतो, असा एक त्रिकोण त्यावर होता. ती स्लाइड मला एका प्रशिक्षण कार्यक्रमात मिळाली होती आणि मी ती पुढे अनेक सहकाऱ्यांना दिली होती. एकदा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हे आकडे कोणी मोजले? आणि सगळे दहाच्या पटीतच कसे आले?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मोजमापात त्रुटी नोंदवा असे प्रयोगशाळेत रोज सांगणाऱ्या मला हा प्रश्न इतक्या वर्षांत पडला नव्हता.

शोधल्यावर जे कळले ते असे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी १९४६ मध्ये दृक्-श्राव्य साधनांवरील आपल्या पुस्तकात ‘अनुभवाचा शंकू’ मांडला. प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंतची साधने त्यात मूर्ताकडून अमूर्ताकडे मांडलेली होती. त्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. टक्केवारी वेगळीकडून फिरत आली आणि पुढे कोणी तरी ती शंकूला चिकटवली. तिच्यामागे तपासता येईल असे संशोधन सापडत नाही. विल थॅल्हायमर आणि इतर तीन अभ्यासकांनी २०१४ मध्ये ‘एज्युकेशनल टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात या सगळ्या प्रकरणाची सविस्तर छाननी प्रसिद्ध केली. तरीही तो त्रिकोण आजही प्रशिक्षकांच्या समुदायांत फिरतो.

दुसरे असेच उदाहरण ‘शिकण्याच्या शैली’चे आहे. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी करून. म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवावे, असे सांगितले जाते. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरील पुराव्यांचा आढावा घेतला. हा दावा सिद्ध करायचा तर प्रयोग कसा हवा, हे त्यांनी आधी ठरवले. विद्यार्थ्यांचे शैलीनुसार गट करायचे, प्रत्येक गटातल्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या पद्धतींत वाटायचे आणि शेवटी सगळ्यांची एकच चाचणी घ्यायची. ‘पाहणाऱ्यां’ना चित्रांची पद्धत आणि ‘ऐकणाऱ्यां’ना बोलण्याची पद्धत अधिक फलदायी ठरली, तरच दावा खरा. असा भक्कम पुरावा त्यांना पुरेसा आढळला नाही. लोकांना आवडीनिवडी असतात हे खरे. पण आवडीप्रमाणे शिकवल्याने अधिक शिकले जाते हे त्यावरून ठरत नाही.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. इथे प्रयोग कोणी केला, कसा केला, किती काळाने मोजले हे सगळे तपासता येते. शिवाय निकालात अट आहे, मर्यादा आहे. त्रिकोणाच्या स्लाइडमध्ये यांपैकी काहीच नव्हते.

चूक इतकी का टिकते? कारण ती सोयीची असते. गोल आकडे लक्षात राहतात, चित्र एका स्लाइडवर मावते आणि ‘कृतीतून शिका’ हा संदेश आपल्याला आधीच पटलेला असतो. शंभर जणांनी पुढे पाठवले म्हणजे शंभर जणांनी तपासले असे आपण समजतो. प्रत्यक्षात एकानेही तपासलेले नसते. झेरॉक्सच्या सूत्रातले ‘वाटणे’ तेवढे राहिले, ‘तपासणे’ आणि ‘नावाने जबाबदारी घेणे’ गळून पडले.

म्हणून समुदायात मिळालेल्या प्रत्येक दाव्याला चार प्रश्न विचारा :

१. हे मुळात कोणी, कधी म्हटले? मूळ ठिकाणी खरोखर तसेच आहे का?
२. हा प्रयोगाचा निष्कर्ष आहे, एका माणसाचा अनुभव आहे, की नुसते मत आहे? अनुभवही मोलाचा असतो, पण तो अनुभव म्हणूनच सांगावा.
३. कोणत्या लोकांवर, कोणत्या परिस्थितीत हे लागू झाले?
४. हे खोटे ठरले तर मला ते कसे कळेल?

७. प्रश्न कसा विचारावा?

समजा, एका प्रशिक्षकाने समुदायात लिहिले : “सुपरवायझर ट्रेनिंगचे चांगले पीपीटी कोणाकडे आहे का? तातडीने पाठवा.” त्याला फायली मिळतील, उत्तर मिळणार नाही.

आता हाच प्रश्न असा लिहिला तर : “आमच्याकडे चाळीस नवे पर्यवेक्षक आहेत. काम तीन पाळ्यांत चालते. पाळी बदलताना यंत्राची स्थिती पुढच्या पर्यवेक्षकाला नीट सांगितली जावी, हा हेतू आहे. एक तासाचे सत्र घेतले. चाचणीत सगळे पास झाले, पण नोंदवहीत काहीच फरक दिसत नाही. भूमिका करून दाखवण्याचा सराव घ्यावा का?”

यावर एखादा अनुभवी सदस्य उत्तराऐवजी उलट प्रश्न विचारेल : “पाळी बदलताना दोन्ही पर्यवेक्षक एका वेळी यंत्राजवळ असतात का?” आणि प्रशिक्षकाच्या लक्षात येईल की नसतात. पहिल्या पाळीची बस सुटते, तेव्हा दुसऱ्या पाळीचे लोक अजून गेटवर हजेरी लावत असतात. मग अडचण प्रशिक्षणाची नाहीच. दहा मिनिटांच्या सामाईक वेळेची आहे आणि ती वेळापत्रक बदलून सुटेल.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातला फरक महत्त्वाचा आहे. माणसाला काम येत नाही, की येते पण करता येत नाही, हे आधी ठरवावे, असे रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी १९७० च्या त्यांच्या पुस्तकात आग्रहाने मांडले. जिथे काम येतच आहे तिथे आणखी प्रशिक्षण देऊन उपयोग नाही. असा उलट प्रश्न फाइल विचारत नाही, माणूस विचारतो. समुदायाची किंमत इथे आहे.

चांगल्या प्रश्नात पाच गोष्टी असाव्यात : शिकणारे कोण, त्यांनी नेमके काय करणे अपेक्षित आहे, बंधने कोणती, आतापर्यंत काय करून पाहिले आणि त्याचे काय झाले. आणि उत्तर वापरून पाहिल्यावर परत येऊन ‘जमले’ किंवा ‘जमले नाही’ हे लिहावे. बहुतेक जण हे विसरतात. उत्तर खरे ठरले की खोटे, हे नोंदवलेच नाही तर पुढच्या वाचकाला ते उत्तर बरोबरच वाटणार.

८. काय वाटू नये?

जे तुमचे नाही ते वाटू नका. कंपनीची प्रश्नपेढी, ग्राहकाचे नाव, कर्मचाऱ्यांचे गुण, वर्गातील छायाचित्रे या गोष्टी तुमच्या संगणकावर असल्या तरी तुमच्या मालकीच्या नसतात. अडचण मांडताना कंपनी आणि माणसे ओळखू येणार नाहीत अशी मांडा.

दुसऱ्याचे साहित्य वापरताना परवाना पाहा. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत. त्यांतील ‘बीवाय’ म्हणजे मूळ कर्त्याचे नाव द्या, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, ‘एनडी’ म्हणजे बदल करून पुढे देऊ नका आणि ‘एसए’ म्हणजे बदल केला तर त्याच परवान्याखाली द्या. शुल्क घेऊन चालणाऱ्या वर्गात ‘एनसी’ साहित्य घेण्यापूर्वी थांबून विचार करावा. कोणताही परवाना लिहिलेला नसेल, तर साहित्य मोकळे आहे असे समजू नये, परवानगी विचारावी.

९. तुमचा प्रवेश : कडेपासून

‘मला अजून नोकरीच नाही, मी काय लिहिणार?’ असे तुम्ही म्हणाल. ऑनलाइन समुदायांत बहुसंख्य लोक फक्त वाचतात आणि थोडेच लिहितात. जेकब नीलसन यांनी २००६ मध्ये यासाठी ९०-९-१ असा ढोबळ ठोकताळा मांडला : नव्वद टक्के वाचणारे, नऊ टक्के अधूनमधून लिहिणारे, एक टक्का सतत लिहिणारे. वरच्या त्रिकोणानंतर हे गोल आकडे पाहून तुम्हाला शंका आली असेल, तर पाठ सार्थकी लागला. तो अंदाज आहे, नियम नाही. पण सुरुवातीला नुसते वाचत राहण्यात कमीपणा नाही. तिथेच राहू मात्र नये.

बटण लावण्याइतकी कामे तुम्ही आजही करू शकता. लांब चर्चेचा दहा ओळींत सारांश काढा. एखाद्या दाव्याचा मूळ स्रोत शोधून द्या. प्रशिक्षणार्थी म्हणून तुम्हाला कोणती सूचना समजली नाही, हे सांगा; अनुभवी प्रशिक्षकाला ते स्वतःहून दिसत नाही. आणि भाषेचे काम करा. यातील बहुतेक समुदाय इंग्रजीत चालतात, पण आपल्या देशात यंत्रासमोरचे प्रशिक्षण मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये, बांगलात होते. एखादी चांगली सुरक्षा तपासयादी कामगाराला समजेल अशा मराठीत आणणे हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमणारे आणि खरोखर उपयोगी पडणारे योगदान आहे. इंग्रजी मोडकी आहे म्हणून प्रश्न गिळू नका. नेमका प्रश्न साध्या वाक्यातही ओळखू येतो.

१०. उपयोग झाला का, हे कसे ओळखावे?

किर्कपॅट्रिक यांच्या चार पातळ्या स्वतःच्या सहभागालाच लावून पाहा :

- प्रतिक्रिया : चर्चा आवडली का?
- शिकणे : आज न पाहता मी त्यातले काय सांगू शकतो?
- वर्तन : माझ्या कामात मी काय वेगळे केले?
- परिणाम : त्यामुळे समोरच्या शिकणाऱ्याचे किंवा कामाचे काय सुधारले?

‘लाइक’ची संख्या पहिल्या पातळीपलीकडे काहीच सांगत नाही. माझी ती त्रिकोणी स्लाइड पहिल्या पातळीवर दरवर्षी उत्तम उतरत होती. आता मी ती पुन्हा दाखवतो, पण तासाला ‘यात काय चुकले आहे?’ हा प्रश्न विचारण्यासाठी. ज्या सहकाऱ्यांना ती दिली होती, त्यांपैकी जे आठवले त्यांना चूक कळवली. सगळे आठवले नाहीत.

सारांश

प्रशिक्षकांच्या कामातले बरेचसे ज्ञान अनुभवात दडलेले असते आणि ते त्याच व्यवसायातील माणसांच्या संवादातून बाहेर येते. समान क्षेत्र, ओळखीची माणसे आणि सामाईक सराव असेल तरच ग्रुपचा सराव-समुदाय होतो. वाटल्याने ज्ञान पसरते, पण चूकही त्याच वाटेने पसरते. म्हणून तपासणे, नावाने जबाबदारी घेणे आणि परिणाम परत कळवणे ही सदस्याची कर्तव्ये आहेत.

स्वाध्याय

१. तुमच्या फोनमधील एक अभ्यासाचा ग्रुप निवडा. क्षेत्र, समुदाय आणि सराव या तीन कसोट्या लावून तो सराव-समुदाय आहे का ते अर्ध्या पानात लिहा.
२. लायबेरियातील शिंप्यांचा शिकण्याचा क्रम उलटा का असतो? तुमच्या कार्यशाळेतील किंवा प्रयोगशाळेतील एखादे काम अशा उलट क्रमाने कसे शिकवता येईल?
३. ‘युरेका’ प्रणालीत पैशांऐवजी नाव दिल्याने काय साधले असावे?
४. अलीकडे तुम्ही पुढे पाठवलेला, आकडे असलेला एक संदेश घ्या. पाठातील चार प्रश्न लावून त्याचा मूळ स्रोत शोधा. सापडला नाही तर ज्यांना पाठवला त्यांना तसे कळवा.
५. तुमच्या प्रकल्पातील एक अडचण, पाच गोष्टींची यादी वापरून, प्रश्नाच्या रूपात लिहा. वर्गमित्राने तिला उत्तर न देता फक्त एक उलट प्रश्न विचारावा. त्यानंतर तुमचा मूळ प्रश्न बदलला का, ते नोंदवा.